थोरल्याचं चाक, धाकट्याचं चाक

अर्धी चकचकीत आणि अर्धी मळकी गाडी तुम्ही कधी पाहिली आहे का? अपघातातून आलेली नव्हे, रंग उडालेलीही नव्हे. बॉनेटच्या टोकापासून डिकीच्या कुलपापर्यंत मधोमध पट्टी ठेवून आखल्यासारखी, एका अंगाला आरसा आणि दुसऱ्या अंगाला बोटभर धूळ. माझ्या बहिणीच्या अंगणात अशी गाडी चार वर्षं उभी होती. गोष्टीला तिखटमीठ लावायची मला खोड आहे हे माझ्या घरचेच सांगतात, पण गाडी होती, आणि अर्धीच धुतलेली होती.

बहिणीला मी अक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गेले आणि त्यांच्या दोन मुलांनी घर वाटून घेतलं. मधे भिंत आली, दोन स्वयंपाकघरं झाली, दोन घंटा लागल्या. अंगणात भिंत घालायला जागा नव्हती म्हणून चुन्याची रेघ ओढली, आणि पावसापाण्याने पुसली की दर महिन्याला दोघांपैकी कुणीतरी ती नव्याने ओढायचा. तेवढं एक काम ते पाळीपाळीने, न भांडता करत. सुनांचं आपसात उत्तम होतं, त्या खिडकीतून खिडकीत वाट्या देत-घेत. अबोला फक्त भावांचा.

आणि अक्का? ती वाटली गेली नव्हती. तिची खोली भिंतीच्या टोकाशी, दोन्हीकडे दार असलेली. ती दिवसातून दहा वेळा ती रेघ ओलांडायची आणि चार वर्षांत तिच्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. आम्ही सगळे समजत होतो, म्हातारी आतल्या आत कुढते आहे.

गाडी दाजींची. थोरल्यापेक्षा वयाने मोठी, बटाट्या डोळ्यांची, गोल पाठीची. दाजी ती नेहमी पत्र्याच्या शेडखाली ठेवायचे, आणि रेघ नेमकी तिच्या पोटाखालून गेली. दोघांपैकी कुणीच ती हलवू देईना. मग तीही वाटली. स्टिअरिंग थोरल्याच्या अर्ध्यात गेलं, तर गिअरचा दांडा धाकट्याने भरपाई म्हणून मागून घेतला. म्हणजे गाडी हातभर हलवायची तरी दोघं लागणार, आणि दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत. थोरला दर रविवारी आपला अर्धा भाग धुवायचा. धाकटा म्हणायचा, धुतल्याने का गाडी आपली होते?

थोरला घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलणारा. धाकटा बेकरीवाला, पहाटे मणभर कणीक मळणारा, कुठलीही वस्तू आधी अंगठ्याने दाबून बघणारा. एका आईच्या पोटची मुलं, पण एकाला उकडीचं पाणी मोजून लागायचं आणि दुसरा समुद्रात चमचा बुडवून चव सांगायचा.

आता गाडीला हात का लागला, ते सांगतो. अक्काला दाजी असल्यापासूनच मोतीबिंदू होता, आता तो पुरता पिकला होता. ती म्हणायची, माझ्या एका डोळ्यात धुकं आहे आणि दुसऱ्यात दूध. शस्त्रक्रियेची तारीख तिने दोनदा मोडली होती. डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं, येत्या सोमवारी सकाळी दहाला आणा, आणखी लांबवलंत तर मी खात्री देणार नाही. मुलांनी तिला टॅक्सी सांगितली, रिक्षा सांगितली, धाकट्याने पावाची व्हॅन सांगितली. अक्का उशीला टेकून शांतपणे म्हणाली, "ह्यांच्या गाडीतून जाईन. तुम्ही दोघं पुढे बसलेले असलात तर जाईन. नाहीतर माझे डोळे मला लखलाभ." तिचा हट्ट मी लहानपणापासून ओळखतो. तिने एकदा नाही म्हटलं की डोंगराने रस्ता बदलावा.

गुरुवारी मला बोलावणं आलं. मामा म्हणजे दोन्ही बाजूंचा, म्हणून मी पंच. नवी बॅटरी लावल्यावर इंजिन दोन शिंका देऊन चालू झालं. पण ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल जमिनीला टेकलं. मागची चाकं दाजींनी शेवटी शेवटी स्वतः केली होती, ती धड होती. दुखणं पुढच्या दोन चाकांचं. एक चाक थोरल्याचं, एक धाकट्याचं. तेव्हा प्रत्येकाने आपापलं करायचं ठरलं.

ज्यांनी असले ब्रेक पाहिले नसतील त्यांना सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी खोलगट भांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. ते चाकाबरोबर फिरतं. त्याच्या आत दोन चंद्रकोरी असतात, त्यांना ब्रेकशू म्हणतात. पेडल दाबलं की त्या फाकतात आणि भांड्याला आतून घासून धरतात. हा सगळा संसार एका गोल लोखंडी प्लेटवर मांडलेला असतो आणि ती प्लेट गाडीला बोल्टांनी आवळलेली. झालं, एवढं कळलं की तुम्हाला त्या दोघांपेक्षा जास्त कळलं.

जॅक एकच. सकाळी तो थोरल्याकडे, दुपारी धाकट्याकडे. मागच्या चाकांखाली दगड लावायचं काम माझं. गंजलेला ड्रम निघेना तेव्हा थोरल्याने इवलीशी हातोडी घेऊन कडेकडेने दोनशे टिचक्या मारल्या. धाकट्याने लाकडी मोगरीचे तीन ठोके घातले. दोघांचेही ड्रम निघाले. आतली काळी धूळ धाकटा फुंकणार होता, तर खोलीतून अक्काचा आवाज आला, "फुंकू नका रे, ओल्या फडक्याने पुसा. ह्यांनी कधी फुंकली नाही." दिसत नसलं तरी तिला कानांनी सगळं दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही प्लेटा सुट्या होऊन अंगणात आल्या. अक्काने दोघांना बेकरीचे जुने पत्र्याचे ट्रे दिले, एकाच मापाचे, कारण कमी-जास्त दिलं की काय होतं हे तिला माहीत होतं. तरी व्हायचं ते झालंच. थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, त्याची प्लेट बघा, कशी खणखणीत, माझीच नेमकी गंजायची होती. पाच मिनिटांनी धाकट्याने मला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि शब्दही न बदलता तेच सांगितलं. मी दोन्ही ट्रे पाहिले. दोन काळ्या प्लेटा, दोन्ही सारख्याच गंजलेल्या. मी म्हणालो तसं, तर दोघांनाही वाटलं मामा फितूर झाले.

शनिवारी सकाळी मी गेलो तर चमत्कार. थोरल्याने ट्रेवरचं फडकं उचललं, प्लेट निरखली आणि म्हणाला, काल संधिप्रकाशात वाटली तेवढी काही वाईट नाही. पलीकडे धाकटा अंगठा फिरवत म्हणत होता, चालेल की, उगाच रडत होतो. दोघंही शीळ घालत घासायला बसले. कुणाचाही राग एका रात्रीत असा उतरलेला मी पाहिला नव्हता. मी गोंधळलो, पण चांगल्या गोष्टीचं कारण विचारू नये म्हणून गप्प बसलो. तिथेच चुकलो.

दिवसभर काम झालं. सिलिंडरची रबरं नवी घातली, शू नवे घातले. थोरल्याने स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या, धाकट्याने अंगठ्याने. प्लेटा गाडीवर चढवताना ब्रेकची रबरी नळी थोडी ताणून लावावी लागली. थोरल्याला वाटलं नळी आखडली असेल. धाकट्यालाही तेच वाटलं, पण विचारणार कुणाला?

मग पाइपातली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा नट सैल करून हवा सोडायची. पेडल थोरल्याच्या अर्ध्यात. धाकट्याचा पाय तिथे जाऊ शकत नव्हता आणि थोरला धाकट्यासाठी पेडल दाबणार नव्हता. शेवटी माझा पाय तटस्थ ठरला. दुपारी दोन ते साडेचार मी पेडल दाबत होतो. दाबा मामा, सोडा मामा. माझा गुडघा त्यानंतर जो कुरकुरतो आहे तो आजतागायत. पण पेडल दगडासारखं घट्ट झालं आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघता समाधान मानलं.

रविवारी चाचणी. थोरला स्टिअरिंगवर, धाकटा शेजारी दांडा धरून, मी मागे. बोलायचं नसल्याने थोरल्याने खाकरण्याची पद्धत काढली होती. एकदा खाकरला की पहिला गिअर, दोनदा की दुसरा, आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं की मागचा. अंगणातून निघालो, उताराच्या गल्लीला लागलो. गल्लीच्या तोंडाशी थोरल्याने ब्रेक दाबला.

पेडल घट्ट. गाडी मात्र, बघते, विचार करते, उद्या कळवते, अशी चालतच राहिली. शिंप्याचं दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली. मी मनात म्हटलं, उतरून पायी पुढे जावं आणि हाताने अडवावी. हँडब्रेक ओढल्यावर कुठे ती समोरच्या कुंपणापासून वीतभर अंतरावर थांबली. थोरल्याने कपाळ पुसलं आणि चक् केलं. मागे येताना अंगणाच्या फाटकाशी त्याने पेडलला नुसता बूट लावला, तर गाडी खिळा मारल्यासारखी जागच्या जागी. मी मागे वळून बघत होतो, माझा चष्मा मागच्या काचेवर जाऊन आपटला.

पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अकरा वेळा. पुढे जाताना ऐकत नाही, मागे जाताना इशाऱ्यावर थांबते.

आता खरी अडचण अशी की भांडायलाही जागा नव्हती. एकाच चाकात चूक असती तर गाडी ब्रेक लावल्यावर एका अंगाला ओढली असती आणि दुसऱ्याला बोट दाखवता आलं असतं. ही तर सुतासारखी सरळ जात होती. दोघांपैकी कुणाचं चुकलं? दोघांचं सारखंच? ते कसं होईल, एकाने भिंग लावून केलं आणि दुसऱ्याने अंदाजाने. थोरला माझ्यामार्फत म्हणाला, त्याच्या शूला तेल लागलं असेल. धाकटा माझ्यामार्फत म्हणाला, तेल काय फक्त पुढे जातानाच लागतं? मग धाकट्याने हवा राहिल्याची शंका काढली, तर थोरल्याने विचारलं, मग पेडल घट्ट कसं? मी म्हणालो, तिला दाजींची आठवण येत असेल, म्हणून मागे मागे ओढते. त्यावर दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की चार वर्षांतलं ते त्यांचं पहिलं एकमत.

मी सुचवलं, ड्रम उघडून बघा. तर दोघांचा एकच जबाब. माझं झाकण मी उघडणार नाही. आधी उघडेल त्याने चूक कबूल केली. प्लेटच्या मागच्या छिद्रातून स्क्रू फिरवून शू जवळ आणले, लांब केले, पण फरक शून्य. संध्याकाळी दोघं आपापल्या पायरीवर डोकं धरून बसले होते आणि मधे गाडी, एक गाल चमकता, एक मळका.

सोमवार उजाडला. नऊ वाजले. अक्का काठी, पिशवी घेऊन तयार. थोरल्याने तिला सगळं सांगितलं. टॅक्सी बोलावतो म्हणाला. अक्का रेघ ओलांडून गाडीशी गेली, हाताने चाचपून मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"मागे जाताना थांबते ना?" तिने विचारलं.

"थांबते."

"मग मागे चला."

हसू नका. आम्ही गेलो. इस्पितळापर्यंत सगळा उतार, दीड मैल, आणि दीड मैल गाडी पाठमोरी. अक्का मागे वळून बसली, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून, म्हणजे आता सगळ्यांत पुढे तीच. थोरल्याने मान मोडेस्तोवर वळवली तरी त्याला त्याचीच बाजू दिसायची. धाकट्याच्या बाजूला काय आहे ते धाकट्यालाच ठाऊक. शिंप्याच्या दुकानापर्यंत दोघं गप्प होते. गिरणीपाशी एक सायकलवाला आडवा आला.

"दादा, सायकल," धाकटा म्हणाला.

गाडी थांबली. सायकलवाला डिकीवर हात टेकून आमच्याकडे बघत राहिला. मी मात्र त्या दोघांकडे बघत होतो. चार वर्षांत पहिला शब्द, तोही खाकरून नव्हे.

"कुठल्या बाजूला?" थोरल्याने विचारलं.

"माझ्या. गेला तो. ये हळू."

पुढे मग रांगच लागली. दादा, खांब. अरे, ती पोस्टाची पेटी किती लांब आहे? दोन हात. हात तुझा की माझा? मधेच अक्का म्हणायची, समोर काहीतरी पांढरं आहे रे, आणि दोघं एकदम म्हणायचे, भिंत आहे आई, आम्ही वळतोय. पोस्टमन पत्रं वाटायचा थांबला. एक कुत्रा नेहमीच्या सवयीने गाडीमागे धावायला निघाला, तर त्याला मागे कुठे तेच कळेना, तो रस्त्यात बसून राहिला.

इस्पितळाच्या फाटकावर पहारेकरी होता. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची तो चिठ्ठी तपासायचा. आमची पाठ बघून त्याला वाटलं आम्ही बाहेर चाललोय. त्याने सलाम ठोकून अडसर वर केला आणि आम्ही आत शिरलो. थोड्या वेळाने तो आपल्या वहीत बघून डोकं खाजवत असलेला मी पाहिला.

बाकावर नंबर यायची वाट बघत बसलो. अक्का म्हणाली, ह्यांच्या वेळी ही गाडी पुढे जाताना धरायची आणि मागे जाताना निसटायची. ते म्हणायचे, मागे घेताना हँडब्रेकवर हात ठेवावा. आता बरोब्बर उलटं का?

थोरला भिंतीकडे बघत बसला. मग त्याने बाकाशेजारच्या दाराखालची लाकडी पाचर पायाने पुढे ढकलली. म्हणाला, दार या अंगाने ढकललं की पाचरेवर चढतं आणि घट्ट बसतं. दुसऱ्या अंगाने ढकललं की पाचर नुसती सरकते. आपल्या गाडीचे पुढचे शू तसेच आहेत. चाक पुढे फिरलं की ते शूला आपल्यातच ओढून घेतं. मागे फिरलं की बाहेर लोटतं. बोलता बोलता तो थांबला.

"म्हणजे प्लेटा अदलाबदल झाल्या तर…" धाकटा म्हणाला.

"तर असंच होईल. पण होतील कशा? माझा ट्रे माझ्या पडवीत होता."

अक्का पिशवीच्या बंदाशी खेळत होती. परिचारिकेने तिचा नंबर पुकारला. ती उठली, दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला, आणि म्हणाली, "शुक्रवारी मी बदलल्या."

थोरल्याच्या पायाखालची पाचर निसटली.

"लहानपणी ताटावर बसलात की याला त्याचं जास्त वाटायचं, त्याला याचं. तुमची पाठ वळली की मी ताटं बदलायची. मग दोघं मुकाट जेवायचात. शुक्रवारीही तीच कुरकुर ऐकू आली. फडकी तशीच ठेवून ट्रे इकडचा तिकडे केला. सकाळी दोघं शीळ घालत होतात की नाही?"

आणि ती परिचारिकेचा हात धरून आत गेली. दार मिटलं.

 चूक कुणाची हे कालपासून शोधत होतो, आणि सापडली ती आत भूल घेत होती, तिच्याशी भांडणार कसं? शेवटी धाकटा अंगठा चोळत म्हणाला, "म्हणजे मी तीन तास दादाची प्लेट घासली."

"बरी घासलीस का?" थोरल्याने विचारलं.

"तुझी आहे हे कळलं असतं तर नसती घासली."

थोरल्याच्या तोंडातून जो आवाज आला तो खाकरण्याचा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगतो.

घरी येताना सगळा चढ, ब्रेकचं काम नाही, म्हणून गाडी तोंड पुढे करून आली. अक्का डोळ्याला पट्टी बांधून मागे झोपली होती. दुसऱ्या दिवशी दोघांनी ड्रम उघडले. जॅक मधोमध रेघेवर लावून, एकाच वेळी, मी तीन म्हटल्यावर. प्लेटा रेघेवरून इकडच्या तिकडे गेल्या. या वेळी पेडलवर धाकट्याचा पाय होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी अशी थांबली की शिंप्याने दुकानातून मान बाहेर काढून पाहिलं.

आठ दिवसांनी पट्टी सुटली. अक्काला घेऊन आलो, ती अंगणात उतरली आणि उभी राहिली. आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी किती म्हातारा दिसतोय हे मला सांगितलं. मग गाडीकडे वळली.

"ही अर्धीच कुणी धुतली?"

थोरला फडकं शोधू लागला. धाकट्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीनेच धूळ पुसायला घेतली. पण अक्काची नजर तेवढ्यात खाली गेली होती. गाडीच्या पोटाखालून निघून तिच्या खोलीच्या पायरीपर्यंत गेलेल्या त्या पांढऱ्या रेघेवर. मग माझ्या लक्षात आलं. चार वर्षं आम्ही समजत होतो ही बाई कुढून गप्प आहे. तिला ती रेघ कधी दिसलीच नव्हती.

"आणि हे काय सांडलंय एवढं?" तिने विचारलं.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

"पीठ आहे, आई," धाकटा म्हणाला. "पोतं फुटलं होतं."

थोरला आत गेला आणि झाडू घेऊन आला.